नाकाची साक्ष

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिला सगळे नाकबाई म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर ती नुसती बाई. काउंटरच्या मागे एक लांब टेबल होतं, त्याच्या टोकाला ती उभी असायची, आणि आलेला प्रत्येक कपडा मशीनमध्ये जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. आधी खिसे उलटे करायचे, मग अस्तर चाचपायचं, मग डाग कशाचा आहे ते ठरवून त्याच्या कडेला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायचा. तेलाला पिवळा, शाईला निळा, रक्ताला पांढरा. डाग कशाचा हे बाकीचे डोळ्यांनी ठरवतात. ती कपडा नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायची आणि दोरा उचलायची. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे की दुकानाचा विमा उतरवला आहे, आता हिच्या नाकाचा तेवढा उतरवायचा राहिला आहे.

खिशांवरून तिने माणसांची परीक्षा करायची सवय लावून घेतली होती. कोटाच्या आतल्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या की ती ओठ आवळायची. गोळ्या चघळणारा माणूस काहीतरी लपवतो, हे तिचं ठाम मत. त्यातल्या निम्म्या बिचाऱ्यांना खरोखरच पेपरमिंट आवडत असेल, पण तिच्या कोर्टात आरोपीला वकील मिळत नसे.

घरी तर तपासणी जास्तच कडक होती. नवऱ्याने दारू सोडून दोन वर्षं उलटली होती. त्याने सोडली, हिने मात्र काहीच सोडलं नव्हतं. किल्ली कुलपात पहिल्या झटक्यात बसली की चाचपडली, बूट सरळ काढून ठेवले की एक इकडे एक तिकडे, आणि आल्यावरचा पहिला शब्द मोकळा होता की जरा जास्तच नीट उच्चारलेला, हे सगळं ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकायची. मग "पाणी देऊ का?" असं विचारत जवळ जायची. तो "दे" म्हणायला तोंड उघडायचा, आणि तेवढ्या एका श्वासात तिचं काम व्हायचं. पाणी दोघांपैकी कुणालाच नको असायचं. त्यालाही हे ठाऊक होतं. उलट तो "दे" हा शब्द थोडा लांबवायचा, तिला सोयीचं व्हावं म्हणून. संसारात माणसं एकमेकांसाठी काय काय करतात.

सोडली त्या दिवशी तिने एकच अट घातली होती. "पुन्हा एकदा तोंडाला वास आला, तर हा उंबरठा ओलांडायचा नाही. मी रडणार नाही, भांडणार नाही. दार लावून घेईन." तो मान खाली घालून हो म्हणाला होता. ती बोलेल तसं करणारी बाई आहे, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं.

तो लाकडाला पॉलिश करायचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने हात गोल गोल फिरवत थरावर थर चढवायचे, अशा जुन्या पद्धतीचं पॉलिश. दारू सोडल्यावर स्पिरिटचा डबा उघडायलाही नको म्हणून त्याने ते काम बंद केलं आणि भिंतींना रंग मारायला लागला. पण हात शेवटी ज्या कामाचा त्या कामाचा. एका जुन्या वाचनालयाच्या जिन्याचा लाकडी कठडा करायचा होता, तीन मजले उंच, आणि तसं पॉलिश करणारं दुसरं कुणी मिळत नव्हतं. त्याने ते काम घेतलं. तेव्हापासून तो संध्याकाळी घरी यायचा तो स्पिरिटचा दर्प घेऊनच.

तिला त्याची भीती वाटली नाही. कामाचं स्पिरिट कोरडं असतं, नाकात टोचतं आणि कपड्यांवर राहतं. प्यायलेली दारू पोटातून वर येते, गोडसर आंबूस, आणि तिला कपड्यांशी काही देणंघेणं नसतं. हा फरक तिला झोपेतही कळला असता.

तिला भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. तिचा नवरा आठवड्यातून दोनदा बैठकीला जायचा.

टायरच्या दुकानावर एक खोली होती. तिथे एक निवृत्त नर्स ही बैठक घ्यायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. तिथे मूर्ती नाही, फोटो नाही, गाणंबजावणं नाही. तासभर डोळे मिटून बसायचं, श्वास आत जातो बाहेर येतो तेवढं पाहायचं, आणि घरी यायचं. हे नवऱ्याने सांगितलेलं. तिला ते अजिबात पटत नव्हतं. माणूस फुकट श्वास घेतो, तो पाहायला दुसऱ्याच्या माडीवर कशाला चढायचं? दहापंधरा लोक एका खोलीत डोळे मिटून बसतात, तेव्हा डोळे उघडे ठेवून बसलेला एक तरी असणारच, आणि त्याला काहीतरी हवं असणार. आधी बाटली होती, आता बाई आहे, इतकंच, असंही एकदा तिच्या तोंडून गेलं. सिस्टर सत्तरीच्या पुढे होत्या हे कळल्यावर तिने तो मुद्दा सोडला, संशय सोडला नाही.

आणखी एक गोष्ट तिला खटकायची. बैठकीला जायला लागल्यापासून तो शांत झाला होता. पूर्वी खोटं बोलताना त्याचा डावा डोळा लवायचा. आता तो लवतच नव्हता. याचा अर्थ तो खोटं बोलत नाही असा होतो, किंवा तो खोटं बोलायला शिकला असा होतो. तिने दुसरा घेतला.

धाकट्या भावाने एकदा फोनवर तिला समजावून पाहिलं. "ताई, तू त्यांना सरळ विचार ना. घेतली का, म्हणून. रोज कसली हेरगिरी करतेस?"

"विचारून काय होतं रे? विचारल्यावर खरं कुणी सांगितलंय आपल्याला?"

भावाने विषय बदलला. त्यालाही आठवत होतं.

ती आठएक वर्षांची असताना घरातलं सगळं तिच्या नाकावर चालायचं. वडील गोदामावर मुकादम होते. संध्याकाळी येऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत. आई स्वयंपाकघरातून हिला पाठवायची, "जा, बाबांच्या बुटांच्या नाड्या सोड." नाड्या सोडून झाल्या की उठताना तोंड त्यांच्या तोंडाजवळून न्यायचं आणि आत येऊन आईकडे पाहायचं. हिने मान हलवली की आई गॅस बंद करायची, धाकट्याला कडेवर घ्यायची, आणि तिघं मागच्या दाराने शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे जाऊन बसायची, वडील झोपेपर्यंत. मान हलवली नाही की ताटं वाढली जायची. आई शेजारीपाजारी कौतुकाने सांगायची, "माझं नाक आहे ही." त्या वयाच्या मुलीला याहून मोठी पदवी कुठली मिळणार? तिला त्या नाड्यांची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

मग एका थंडीत तिला सर्दी झाली. नाक गच्च होतं. तिने नाड्या सोडल्या, तोंडाजवळून उठली आणि काहीच कळलं नाही. आत आली. आईने भुवया उंचावल्या. या प्रश्नाला हो आणि नाही अशी दोनच उत्तरं तिला शिकवलेली होती. मला कळलं नाही, हे तिसरं उत्तर असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. भूकही लागली होती. तिने मान हलवली नाही.

त्या संध्याकाळी ओट्याच्या कडेवर आपटून आईचं मनगट मोडलं. ते पुढे जन्मभर वाकडंच राहिलं, पिळायचे कपडे मुलांना पिळावे लागत. आई हिला एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर तिने हिला नाड्या सोडायला कधी पाठवलं नाही. स्वतः जायची. ते न पाठवणं तिला इतकं लागलं की आजही त्याच्याबद्दल ती कुणाशी बोलत नाही. नवऱ्याला वाकडं मनगट माहीत होतं, सर्दी माहीत नव्हती.

म्हणून तिच्या आजच्या घरातही मागच्या दाराला कडी कधी लागत नसे. चोर येतील, नवरा म्हणायचा. येऊ देत, ती म्हणायची. दाराशी तिच्या चपला असायच्या, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या.

वाचनालयाचं काम अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा तिला ताप आला. चार दिवसांत उतरला. ती कामावर गेली, पहिलाच कोट नाकाशी नेला, आणि काही नाही. तिने पुन्हा हुंगला. बाहीवर हाताएवढा डाग दिसत होता, पण तो कशाचा ते कळेना. तिने अंदाजाने पिवळा दोरा घातला. दुपारपर्यंत मालकांनी तीन कपडे परत आणून टेबलावर ठेवले. एका सदऱ्यावर मांजराने कारभार उरकला होता आणि नाकबाईंनी तो चहाचा डाग म्हणून पास केला होता. अख्खं दुकान हसलं. "सर्दी आहे," ती म्हणाली. तिला सर्दी नव्हती. नाक मोकळं होतं, वास तेवढा गेला होता. डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं कधी कधी, येईल परत. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

मालकांनी तिला खिशांवर ठेवलं आणि डागांचं काम दुसरीला दिलं. त्याचं तिला दुःख झालं, पण तिचं धाबं दणाणलं ते संध्याकाळी. किल्ली वाजली. बूट निघाले. ती सवयीने जवळ गेली आणि म्हणाली, "पाणी देऊ का?"

"दे," तो म्हणाला, नेहमीसारखं लांबवून.

तिला काहीही कळलं नाही. ना स्पिरिट, ना साबण, ना माणूस. तिने पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिली. आपण पुन्हा आठ वर्षांच्या झालो आहोत आणि आपलं नाक गच्च आहे, असं तिला वाटलं.

याला कळू द्यायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं. पुढे रोज ती जवळ जायची, श्वास घ्यायची आणि समाधान झाल्यासारखा चेहरा करायची. नाटक बरं जमत होतं. पण आता तिला पुरावे दुसरीकडून गोळा करावे लागत होते. त्याच्या पँटचे खिसे ती दुकानातल्या पद्धतीने उलटे करायची, शिवणीतला धुरळासुद्धा झटकायची. एकदा एक बाटलीचं बूच सापडलं. रात्रभर तिने त्यावर विचार केला. सकाळी कळलं की ते त्याच्या लाखेच्या बाटलीचं आहे. म्हणजे तो म्हणाला तसं. आता वास घेऊन खात्री करायची सोय नव्हती.

शेवटी तिने ठरवलं, हा बैठकीला जातो म्हणतो तेव्हा नक्की कुठे जातो ते तरी पाहावं. तो निघाल्यावर ती थोडं अंतर ठेवून मागे निघाली. तो सरळ टायरच्या दुकानाशी गेला, जिना चढला. तिला जरा वाईटच वाटलं. ती खाली रबराच्या ढिगाशी उभी होती, तेवढ्यात मागून एक बारीक म्हातारी आली आणि तिचा दंड धरून म्हणाली, "चला, जिना उंच आहे, मला आधार होईल." त्याच सिस्टर. म्हातारीला आधार द्यायला नाही म्हणता येत नाही. वर गेल्यावर कळलं की सिस्टर जिना पोरीसारखा चढतात. पहिल्याच भेटीत फसवलंन, असं तिने मनात नोंदवून ठेवलं.

नवऱ्याने तिला पाहिलं, दचकला, आणि सरकून शेजारी जागा केली.

सगळ्यांनी डोळे मिटले. तिने मिटले नाहीत. तासभर ती एकेकाचा चेहरा तपासत बसली. एक रिक्षावाला, एक शाळेतली बाई, एक जाडगेला माणूस जो अधूनमधून घोरत होता. लबाडी काही सापडली नाही. डोळे उघडे ठेवून बसलेलं माणूस खोलीत एकच होतं, ती स्वतः.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता न विचारलेलं." ही तिथली रीत होती आणि नवऱ्याने तिला ती कधी सांगितली नव्हती. प्रत्येकाने स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगायची, कुणी न विचारता. बाकीच्यांनी त्यावर काही बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. रिक्षावाला म्हणाला की त्याने आज मुलाला मारलं. शाळेतली बाई म्हणाली की तिला तिची सून आवडते पण ती तसं दाखवत नाही. नवरा म्हणाला, "माझी बायको आज माझ्या मागावर आली होती, आणि मला बरं वाटलं." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिची पाळी आली. काही न बोलता उठून जायची मुभा होती, सिस्टर तसं म्हणाल्याही. काहीतरी फालतू सांगून मोकळं व्हावं, असं तिने ठरवलं, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

कुणी मान डोलवली नाही. त्यांच्या लेखी ती एक साधी तक्रार होती, गुडघेदुखीसारखी. पण शेजारी नवऱ्याचा श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. आईने भुवया उंचावल्या होत्या तेव्हा जे वाक्य द्यायचं राहून गेलं होतं, ते आज इतक्या वर्षांनी, आई गेल्यानंतर, टायरवाल्याच्या माडीवर बाहेर पडलं होतं. तिला हुंदका आला. तो आवरून ती जिना उतरली, आणि अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

घरातलं एकमेव कुलूप तिने स्वतःच्या हाताने उघडून त्याच्या हातात दिलं होतं.

वाटेत तो काही बोलला नाही. बोलला असता तरी तिने संशय घेतला असता, न बोलल्याचाही घेतलाच. पुढचा आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. जेवताना ती त्याच्या घशाकडे पाहायची. तो हसला तर वाटायचं, का हसला? लवकर झोपला तर वाटायचं, का झोपला? आता त्याला कोण धरणार होतं? दुसरीकडे, संध्याकाळी पाणी विचारायला जाणं तिने सोडलं नाही. तोही "दे" म्हणायचा, पण तो शब्द आता लांबवत नव्हता, आणि तिच्याकडे पाहतही नव्हता. हे तिने टिपून ठेवलं.

वाचनालयाचा कठडा पुरा झाला त्या दिवशी ती कामावरून लवकर घरी आली होती. दिवस मावळायचा होता. पायऱ्यांवर पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. किल्ली वाजली नाही. बरंच थांबून तिने दार उघडलं.

तो उंबरठ्याच्या बाहेर उभा होता. पिशवी खाली ठेवलेली, बूट पायात.

"आत या की."

"नाही. आधी ऐक." त्याने हात वर करून तिला थांबवलं. "आज घेतली. काम झालं म्हणून ठेकेदाराने बाटली काढली. एक ग्लास घेतला. दुसरा हातात धरला होता, तो ठेवून आलो."

तिचा हात दारावरच होता.

"कुणी आग्रह केला नाही. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं, काम चांगलंच झालं होतं. खरं सांगू का? तुला कळणार नाही, हे आठवडाभर डोक्यात फिरत होतं. तेवढ्यासाठीच घेतली असेल." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुझी अट मला माहीत आहे. म्हणून बाहेर उभा आहे."

म्हणजे तिचा संशय खरा होता. शंभर टक्के खरा. आपण बरोबर ठरलो याचा आनंद व्हायला हवा, आणि राग यायला हवा, आणि दार लावायला हवं, हे सगळं तिला कळत होतं. ती उंबरठ्यावर त्याच्या इतकी जवळ गेली की तिचं कपाळ त्याच्या हनुवटीला लागलं. तिने श्वास घेतला. मुद्दाम, खोल, नाड्या सोडून उठताना घ्यायची तसा. काही आलं नाही. तो प्यायला होता याचा तिच्याजवळ जगात एकच पुरावा होता, तो म्हणजे त्याने सांगितलं.

तिने न विचारता तिला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी नाही. यानेही पूर्वी नाही. तिच्या लक्षात आलं की याच्या आजच्या "घेतली"वर आपला विश्वास बसला आहे. मग दोन वर्षं त्या लांबवलेल्या "दे"मधून तो रोज "नाही घेतली" असं सांगत होता, तेही खरंच असणार. इतके सगळे दिवस खरे होते आणि तिने त्यातला एकही धड घेतला नव्हता. याचंच तिला रडू आलं, आणि रडणार नाही असं आपण म्हटलं होतं हे आठवून ती आणखी चिडली.

"वास आला तर, असं म्हणाले होते मी," तिने पदराने नाक पुसलं. "मला वास आलेला नाही. आत या."

तो हलला नाही.

"फुकट सुटला नाहीत. उद्या बैठकीत सांगायचं. सगळ्यांसमोर. मी शेजारी बसणार आहे, आणि मलाही एक सांगायचं आहे. सर्दीचं. तुम्हालाही माहीत नाही ते."

तो आत आला. बूट काढताना त्याला नाडीची गाठ सुटेना. ती पाहत राहिली. खाली बसून ती गाठ सोडवावी असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण ती बसली नाही. "तुमच्या नाड्या तुम्हीच सोडा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिने पोळ्यांचा डबा काढला, दोन ताटं घेतली. मग मागच्या दाराशी गेली, चपला उचलून पुढच्या दाराशी त्याच्या बुटांशेजारी नेऊन ठेवल्या, आणि परत येऊन मागच्या दाराची कडी लावायला घेतली. इतक्या वर्षांत ती कधी सरकवलीच नव्हती, त्यामुळे गंजून घट्ट बसली होती. तिने दोनदा जोर लावला, मग बाहेर हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. ही एकटीला लागत नाही."